फडकं बांधलेलं वांगं

बिचारीला तोडायची वेळच कळत नाही, हिची रींगणां झाडावरच घरडां होऊन जातात, असं शेजारच्या वाफ्याची हंसाबेन कुणाला तरी सांगत होती आणि मी तिच्या पाठीमागंच वाफ्यात खाली बसून कोथिंबीर खुडत होते, तिला दिसले नव्हते. रींगणां म्हणजे वांगी आणि घरडां म्हणजे म्हातारी, एवढं गुजराती तोवर मला समजायला लागलं होतं. मला हसूच आलं, कारण म्हातारी व्हायलाच तर ठेवली होती ती दोन वांगी. कोथिंबीर ओटीत घेऊन त्या दोघी जाईपर्यंत तशीच बसून राहिले.

मी विमल. पारोळ्याकडच्या एका खेड्यातली. वडील लवकर गेले, भाऊ लहान, माझी माय लोकांच्या शेतात निंदायला जायची, आमची स्वतःची म्हणावी अशी जमीन कधी नव्हतीच, होती ती घरामागची पडकी जागा आणि तिथं जाणारं न्हाणीचं पाणी. त्या पाण्यावर माय काहीबाही लावायची, कुडावर गिलकी चढवायची, मिरची, आणि वांगी. वांगी म्हणजे आमच्याकडची, भरताची, तू इथं सुरतेच्या बाजारात बघतेस ती लिंबाएवढी जांभळी नाहीत, हिरवट पांढरी, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढी, काड्यांच्या जाळावर भाजली की आतून लोण्यासारखी निघतात. मग बडगीत, म्हणजे लाकडाच्या भांड्यात, मिरची लसूण घालून ठेचायची, वर पातीचा कांदा, शेंगदाणे, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर. काय सांगू तुला, आता तोंडाला तेवढी चव राहिली नाही, पण त्या वाफेचा वास अजून येतो मला.

तर माय दर वर्षी काय करायची, बाकीची सगळी वांगी तोडायची पण चांगल्या झाडाच्या मधल्या फांदीवरचं एखादं वांगं ठेवून द्यायची आणि जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्याच्या देठाला बांधायची. फडकं बांधलं की संपलं, ते वांगं मग आपलं नाही, पुढच्या वर्षाचं. ते झाडावरच पिवळं पडणार, मग तपकिरी, मग कडक, मग ते काढून चुलीच्या वर टांगून ठेवायचं आणि वाळलं की फोडून, बी धुवून, राखेत घोळून त्याची पुरचुंडी बांधायची. मायच्या सासूचं बी होतं ते, त्याच्या आधी कुणाचं ते मायलाही माहीत नव्हतं. आमच्या गावात वांगी चोरीला जायची, नाही असं नाही, पण फडकं बांधलेल्या फळाला चोर पण हात लावत नव्हता. हे कुणी कुणाला शिकवत नाही ग, शेंबड्या पोराला पण ठाऊक असतं.

लग्न झालं आणि सुरतेला आले. आमचे हे लूमवर होते, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, कानात सारखा लूमचा आवाज असल्यामुळे घरी पण ओरडूनच बोलायचे, मला सुरुवातीला वाटायचं सारखे चिडलेत. मग ते सचिन स्टेशनाकडच्या कारखान्यात लागले आणि घर मिळालं इथं कोसाडला, म्हणजे शहराचं हे टोक आणि ते टोक, घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. मी घरात साड्यांचे धागे कातरायची. गठ्ठे येतात ना, साडीच्या मागं लोंबणारे धागे, ते कातरून घडी घालून परत द्यायच्या. इतक्या साड्या हातातून गेल्या की स्वतःला घ्यावीशी वाटत नाही. आणि बोलायचं कुणाशी? घरात आमची अहिराणी, बाहेर सगळं गुजराती. भाजीवाल्याला मी बोट दाखवायची, भाव तोच सांगायचा, मी मान हलवायची. तुझ्याशी बघ असं सरळ मराठीत बोलते आहे, तू शेजारची पोर, इंग्रजी शाळेतली, तुला अहिराणी कळायची नाही म्हणून, मध्येच घसरले तर समजून घे. तुझी आई म्हणते, आमची मुलगी घुमी आहे, चार माणसांत तोंड उघडत नाही. असू दे. मी पण तशीच.

आपल्या कॉलनीच्या मधोमध ती जागा आहे ना, कॉमन प्लॉट म्हणतात, तिथं आधी नुसता उकिरडा होता, डुकरं लोळायची. मग ती साथ आली, प्लेगची, तू लहान होतीस, अर्धी सुरत पळाली, आम्ही पण पळालो, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. परत आलो तर जिकडे तिकडे सफाई चाललेली. आपल्याकडचा उकिरडा पण उचलला गेला. तेव्हा कॉलनीतले एक म्हातारे गुजराती मास्तर म्हणाले, जागा रिकामी ठेवाल तर परत तिथं कचराच पडेल, त्यापेक्षा बायकांना वाफे वाटून द्या. त्यांनीच चुन्याच्या रेघा मारल्या. माझं नाव सांगायला मी काही पुढं गेले नाही, ह्यांनी ओरडून सांगितलं, सगळे वळून बघायला लागले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वाफा मिळाला. एक खाट टाकली तर भरेल एवढाच, पण मी मायला कार्ड टाकायला लावलं ह्यांना, माले जमीन मियनी म्हणून. मला जमीन मिळाली. हे हसत होते लिहिताना.

हंसाबेनचा वाफा माझ्या वाफ्याला लागून. मध्ये वीतभर मातीची पाळ. तोंडावर मी तिला तुम्हीच म्हणते, माझ्याहून बरीच मोठी आहे, पण आठवायला लागले की ती ती होते. जुन्या शहरातली, नवरा जरीच्या कामात होता तो वारला, मुलगा तिकडे अडाजणला वेगळा राहायचा. मातीत कधी हात घातलेला नाही तिनं, पण जीभ सुरती, तिला सगळं कूणुं पाहिजे, म्हणजे कवळं. पापडी कूणी, तूर कूणी, वांगं तर बोराएवढं असतानाच तोडून मसाला भरायला तयार. एखादी शेंग जरा जून झाली की म्हणायची, ही आता गाईची. माझा वेल तिच्या मांडवावर जायचा, तिचा माझ्याकडे यायचा, आणि आमचं न बोलता ठरलेलं होतं की जिच्या बाजूला शेंग लोंबेल ती तिची. ती दिवसभर बोलायची, मी ऐकायची. कधी कधी म्हणायची, विमळा, तू हो म्हणतेस ते समजून म्हणतेस की मला गप्प करायला? मी त्याला पण हो म्हणायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात गावी गेले तर मायच्या डोळ्यांना दिसेनासं झालेलं. वहिनीच्या हाताला धरून परसात जायची. भाऊ नाशिकला बिऱ्हाड हलवायच्या विचारात, परसात आता काही लावत नव्हतं कुणी. मायनं बियांच्या मडक्यात हात घालून पुरचुंडी काढली, नुसत्या बोटांनी तिला समजलं कुठली कशाची, आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाली, हाई तू लई जाय, आते तुन्हीच जमीन शे. हे तू घेऊन जा, आता जमीन तुझीच आहे. मी म्हटलं थोडं ठेव. तर म्हणाली, ठेवून काय करू, आंधळ्या बाईनं वांगी लावायची का. पुरचुंडीत मूठभर पण बी नव्हतं, सगळंच जुनं, किती उगवेल कुणास ठाऊक, म्हणून इथं आल्यावर सगळंच पेरलं. थोडी रोपं आली. त्यातली काही जगली.

पण काय वांगी लागली त्यांना! हंसाबेन रोज येऊन बघायची आणि कपाळाला हात लावायची. हे वांगं आहे की पाळण्यातलं पोर, ह्याला टोपडं घाल म्हणायची. तोड आता, तोड, किती वाट बघशील. मी एक दिवस घरी भरीत केलं आणि वाटी तिच्या दारात नेऊन दिली. तिनं चाखलं, मग आणखी घेतलं, बोटं चाटली आणि म्हणाली, चव छान आहे पण कूणुं नाही. ह्यांना सांगितलं तर हे एवढे हसले, म्हणाले, तिला सोनं दे, ती म्हणेल पिवळं आहे.

मग मी दोन झाडांवरची दोन वांगी ठेवली. साड्यांच्या कामातून कापलेल्या काठाच्या दोन चिंध्या होत्या, एक गुलाबी, एक पोपटी, त्या देठांना बांधल्या. बांधताना मायसारखंच तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, आता आठवत नाही काय. वांगी पिवळी पडायला लागली. ते जे मी मघाशी सांगितलं ना, कोथिंबीर खुडताना ऐकलं ते, ते तेव्हाचंच.

आणि निरोप आला. कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडे फोन आला, भावाचा, मायनं अन्न सोडलंय, ये. मी जशी होते तशी निघाले, भुसावळच्या गाडीला, हंसाबेन जिन्यातच भेटली, तिला एवढंच म्हटलं, बेन, पाणी. तिनं माझे हात धरले, म्हणाली, तू जा, तुझ्या वाफ्याला मी माझ्या वाफ्यासारखं बघेन. फडक्याचं मी काही बोलले नाही. फडकं बांधलेलं होतं ना, मग आणखी काय बोलायचं असतं?

माय बरेच दिवस तशीच पडून होती. कधी ओळखायची, कधी नाही. पाणी चमच्यानं पाजायचं. एकदा दुपारी वहिनी भांडी घासत होती आणि मी मायचे पाय चोळत होते तर एकदम नीट आवाजात म्हणाली, विमल, बी शे ना तुन्हाजोडे? तुझ्याजवळ बी आहे ना. मी म्हटलं, शे माय, झाडावर शे, फडकं बांधेल शे. ती म्हणाली, मंग व्हई गयं. मग झालं. एवढंच. नंतर ती बोलली असेल पण शब्द असे लागले नाहीत. ती गेली. दहावं, तेरावं, पाहुणे, सगळं होईपर्यंत मी तिथंच. भावानं घराला कुलूप लावलं आणि नाशिकला गेला. मडक्यात बघितलं होतं मी, गिलक्याचं होतं, डांगराचं होतं, वांग्याचं नव्हतं. पण मला काही वाटलं नाही तेव्हा. माझं झाडावर होतं.

गाडीत खिडकीशी बसून मी तोच विचार करत आले, आता ती वांगी चांगली तपकिरी झाली असतील, चुलीवर टांगायची तर आपल्याकडे गॅस, मग कुठं टांगू. माणूस काय काय विचार करतं बघ.

पिशवी घरात ठेवली आणि आधी प्लॉटवर गेले. हंसाबेन तिथंच होती. मला बघून तिनं पदर डोळ्याला लावला, मला जवळ घेतलं, रडली, मग डोळे पुसून माझा हात धरून म्हणाली, जो, बघ. माझ्या वाफ्यात मेथी होती. हिरवीगार, सारखी, बोटभर आलेली. वांग्याचं एक झाड नव्हतं. ती सांगत होती, तू दुःखातून येशील, घरात चूल कशी पेटवशील, म्हणून ताजी भाजी तयार ठेवली, झाडांना जी कवळी वांगी होती ती सगळी तोडून घरोघर वाटली, एक पण वाया नाही घालवलं, तुझ्या आईच्या नावानं वाटली, आणि ती दोन खराब झालेली, ज्यांना तू खूण करून ठेवली होतीस काढून टाकायला, ती गाईला घातली, मग झाडं उपटली, माती मी स्वतः उकरली, विमळा, ह्या हातांनी, बघ. हाताला फोड येऊन गेलेले होते तिच्या, खरंच होते. आणि मग तिनं कमरेला खोचलेली एक छोटी घडी काढून माझ्या हातात दिली. ले, तारुं कपडुं, घे, तुझं फडकं. गुलाबी आणि पोपटी. धुतलेली, सुकवलेली, घडी घातलेली.

मी ती घेतली. मी मान हलवली. ती म्हणाली, रड, रड, आई गेली म्हणजे सगळं जातं. मी रडले. तिनंच मला धरून ठेवलं होतं.

दुपारी सगळे झोपले तेव्हा मी प्लॉटच्या कोपऱ्यात जिथं पालापाचोळा टाकतात तिथं गेले. झाडं होती, वाळलेली, काटक्या झालेल्या, ती सगळी उलटीपालटी करून बघितली, एखादं सुकलेलं फळ पानात अडकलेलं असेल म्हणून. नव्हतं. कॉलनीच्या फाटकाशी ती गाय उभी असायची, पांढरी, तिच्याकडे बघत उभी राहिले, आता गाईला काय म्हणणार. गाईच्या शेणातून बी उगवतं म्हणतात. मी पुढचं सगळं वर्ष फाटकाजवळच्या भिंतीच्या कडेनं बघत जायची. टमाटे आले, धोतरा आला, एक पपईचं रोप आलं. वांगं नाही आलं. ती मेथी मात्र मी केली. ह्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, म्हणाले, कवळी आहे. मी ह्यांना पण काही सांगितलं नाही, मायला शब्द दिला होता ते कसं सांगायचं आणि सांगून काय व्हायचं होतं.

त्यानंतर मी वाफ्यावर जायची वेळ बदलली, हंसाबेन सकाळी यायची तर मी संध्याकाळी. समोर आली तर हसायची मी, नाही असं नाही, पण पाळीवर बसून तिचं ऐकणं बंद झालं. ती जिन्यात अडवून विचारायची, माझ्यावर कसली रीस आहे, राग कसला आहे तुझा, सांग तरी. मी म्हणायची, काही नाही बेन. ती म्हणायची, तुझी ती पोरासारखी वांगी का नाही लावत आता? मी म्हणायची, जमत नाही. एका पावसाळ्यात माझ्या दाराशी तिनं तिच्या बारक्या जांभळ्या वांग्यांची रोपं ठेवली, ओल्या फडक्यात मुळं गुंडाळून, आणि बेल न वाजवता निघून गेली. मी लावली ती. रोपाचा काय राग करायचा. चांगली लागली, चमकदार, बारकी बारकी. खाताना मला कधी भरीत आठवलं नाही असं झालं नाही, पण लावली. पुढच्या वर्षी परत तिनं रोपं ठेवली, परत लावली. असं चाललं.

गेल्या वर्षापासून तिला साखर, त्यात डोळे गेले. एक तर अगदीच गेला, दुसऱ्यात सावली दिसते म्हणते. खाली उतरायची बंद झाली. तिचा वाफा कोण करणार, मीच करायला लागले, तिचा आणि माझा, आता मधली पाळ पण नीट राहिली नाही. भाजी तिच्या दारात ठेवायची. ती आतून विचारायची, कोण, विमळा? मी म्हणायची, हो. मग ती टोपलीत हात घालून चाचपायची आणि म्हणायची, पापडी कूणी आहे. खूश व्हायची. आणि मला तेव्हा मायचा हात दिसायचा, मडक्यातला.

ह्या महिन्यात तिचा मुलगा येऊन सांगून गेला, आता आईला एकटी ठेवत नाही, अडाजणला नेतो. चांगलंच आहे. वरचा मजला आहे त्याचा, लिफ्ट आहे. गेल्या रविवारी तो टेम्पो घेऊन आला, सामान चढत होतं, आणि ती मला म्हणाली, विमळा, मला एकदा वाफ्यापर्यंत ने. मी तिला धरून नेलं. चप्पल काढली तिनं पाळीवर. मी तिचा हात धरून पापडीवर ठेवला, मेथीवर ठेवला, मग म्हणाली, रींगण कुठं आहे, तर वांग्यावर ठेवला. ती एकेक चाचपत होती, हे तोड, हे दोन दिवसांनी तोड, हे आज. मग तिचा हात आतल्या फांदीवर गेला, तिथलं मोठं झालेलं, पिवळं पडलेलं, सालीला कडक असलेलं. ती म्हणाली, अरे, हे तर घरडुं झालं, काढून टाक, गाईला घाल. आणि तिनं देठ धरायला बोटं वर नेली तर तिथं फडकं होतं. ती थांबली. बोटांनी गाठ चाचपली, परत चाचपली. टेम्पोजवळून मुलगा हाक मारत होता, बा, चालो, आईला तो बा म्हणतो. ती हललीच नाही. मग हळूच म्हणाली, विमळा, असं कपडुं तुझ्या त्या मोठ्या वांग्यांना पण होतं. मी धुवून दिलं होतं तुला.

मी हो म्हणाले.

ती म्हणाली, खूण होती ना ती, काढून टाकायची?

काय सांगू तुला, एवढी वर्षं मी गप्प बसले. तिचा हात तसाच देठावर होता, तोडायला घाबरलेला, आणि तोंड माझ्याकडे, मी जरा बाजूला उभी होते तरी तिचं तोंड समोरच, जिथं मी असेन असं तिला वाटत होतं तिथं. मग मीच सरकून तिच्या समोर गेले. तिच्या हातावर हात ठेवला आणि माझ्या मोडक्या गुजरातीत म्हटलं, खूण बियाण्याची असते, बेन. ते माझ्या आईचं होतं. हे तुमचं आहे, हे मी ठेवणार आहे.